समुद्री कासवाचे मांस : कायद्याने निषिद्ध, जिवालाही घातक

जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची कलेवरे एकामागून एक वाहून येऊ लागली. मरीना, बेझंट नगर, नीलांकरै, कोवलम अशा ओळखीच्या किनाऱ्यांवर सकाळी फिरावयास येणाऱ्यांना हे दृश्य रोजचे झाले आणि काही आठवड्यांतच मृत कासवांची संख्या एक हजारावर गेली. शवविच्छेदनात फुगलेल्या माना आणि बाहेर आलेले डोळे आढळले. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून श्वास कोंडल्याची ही खूण मानली जाते. राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण पीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत यांत्रिक मासेमारीला असलेली बंदी आणि जाळ्यातून कासवांना बाहेर पडू देणारी साधने हे विषय पुन्हा चर्चेत आले.

या चर्चेत कासवाच्या जिवाचा विचार झाला आणि तो व्हावयासच हवा होता. मात्र समुद्री कासव आणि माणूस यांच्या नात्याची आणखी एक बाजू आहे. ती चेन्नईपासून मन्नारच्या आखातापर्यंत आणि तेथून हिंदी महासागराच्या पलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली आहे. समुद्री कासवाचे मांस खाल्ल्याने माणसे मरतात, आणि त्यांत बहुसंख्य लहान मुले असतात.

पेम्बा ते फिलिपिन्स

मार्च २०२४ मध्ये टांझानियाच्या झांझिबार द्वीपसमूहातील पेम्बा बेटालगत असलेल्या पांझा या लहानशा बेटावर गावकऱ्यांनी समुद्री कासवाचे मांस शिजवून खाल्ले. त्यानंतर आठ मुले आणि एक महिला मृत्युमुखी पडली. ही महिला मृत मुलांपैकी एकाची आई होती. आणखी ७८ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. याच पेम्बावर नोव्हेंबर २०२१ मध्ये अशाच प्रकारे सात जण दगावले होते आणि त्यांत एक तीन वर्षांचे मूल होते. म्हणजे अनुभव ताजा होता, तरीही त्याची पुनरावृत्ती झाली. झांझिबारमध्ये हे मांस मेजवानीचा पदार्थ समजले जाते.

त्याच वर्षीच्या अखेरीस फिलिपिन्सच्या मागिंदानाओ देल नोर्ते प्रांतातील दातू ब्लाह सिन्सुआत या किनारी गावात तेदुराय आदिवासी समाजातील तीन जणांचा मृत्यू झाला आणि किमान ३२ जण रुग्णालयात गेले. ज्या कुत्र्या-मांजरांना आणि कोंबड्यांना तेच मांस घातले होते त्यांपैकी काही प्राणीही मेले, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. फिलिपिन्समध्ये समुद्री कासवाची शिकार आणि भक्षण कायद्याने निषिद्ध आहे. या गावाच्या समुद्रात मासे आणि शेवंडे विपुल असताना हे घडावे, याबद्दल स्थानिक लोकप्रतिनिधींनी हळहळ व्यक्त केली होती.

मायक्रोनेशियातील चूक राज्याच्या मुरिलो बेटावर ऑक्टोबर २०१० मध्ये घडलेल्या दुर्घटनेचा अभ्यास अधिक बारकाईने झाला. एकाच हॉक्सबिल कासवाचे मांस गावात वाटले गेले. चार मुले आणि दोन प्रौढ अशा सहा जणांचा मृत्यू झाला आणि नव्वदहून अधिक लोक आजारी पडले. ज्याने जितके अधिक मांस खाल्ले तितका त्याचा धोका वाढत गेला, असे तपासणाऱ्या पथकाला दिसून आले. वाढदिवस, लग्न, सण अशा निमित्ताने एक मोठा प्राणी कापून घरोघरी वाटण्याची पद्धत जेथे आहे तेथे एका कासवाने संपूर्ण वस्ती आजारी पडते, याचा हा स्पष्ट नमुना होय.

शरीरात काय घडते

या विषबाधेला वैद्यकीय परिभाषेत चेलोनिटॉक्सिझम म्हणतात. लक्षणे काही तासांत दिसू लागतात, तर कधी त्यांना काही दिवसही लागतात. सुरुवात नेहमीच्या अन्नविषबाधेसारखीच असते. मळमळ, उलट्या, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, घाम, चक्कर. त्यानंतर ओठ, जीभ आणि घसा यांची आग होऊ लागते आणि गिळणे अवघड होते. तोंडात फोड येतात व त्यांचे व्रण होतात. हे व्रण कित्येक आठवडे भरून येत नाहीत. तोंडाची ही अवस्था हीच साध्या विषबाधेपासून हा आजार वेगळा ओळखण्याची महत्त्वाची खूण आहे. गंभीर रुग्णांत यकृत सुजते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, गुंगी वाढत जाते आणि बेशुद्धावस्थेतच मृत्यू येतो.

यावर उतारा नाही. शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे, श्वासोच्छ्वासाला आधार देणे, तोंडाच्या जखमांची काळजी घेणे आणि शरीराने स्वतःच विषावर मात करण्याची वाट पाहणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. लहान मुलांच्या शरीराच्या वजनाच्या मानाने विषाचे प्रमाण अधिक पडते, त्यामुळे अनेक घटनांत मृतांत मुलांची संख्या ठळक दिसते.

त्याहूनही क्लेशकारक बाब म्हणजे हे विष आईच्या दुधातून उतरते. आईला किरकोळ त्रास झाला किंवा फारसा त्रास झालाच नाही, आणि ज्याने मांसाचा कणही चाखला नाही असे तिचे तान्हे मूल मात्र दगावले, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अशा आईने आपण काय खाल्ले हे सांगितले नाही, तर बालकाच्या मृत्यूचे कारण कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

हे विष नेमके कोणते, हा प्रश्न मात्र आजही पूर्णपणे सुटलेला नाही. कासव स्वतः विष निर्माण करीत नाही, ते त्याच्या आहारातून येते, असे संशोधक मानतात. हॉक्सबिल कासवाचे मुख्य खाद्य समुद्री स्पंज आहे आणि अनेक स्पंजांत विषारी द्रव्ये असतात. हिरवे कासव समुद्री गवत आणि शेवाळ चरते. त्या गवतावर वाढणारे सूक्ष्म नील-हरित शैवालही त्यासोबत पोटात जाते. मादागास्करमध्ये १९९४ मध्ये झालेल्या विषबाधेतील हिरव्या कासवाच्या मांसात जपानी संशोधकांना लिंगबायाटॉक्सिन-ए हे द्रव्य सापडले. ते लिंगबाया नावाच्या नील-हरित शैवालात तयार होते. पोहणाऱ्यांच्या अंगाला खाज आणि दाह करणारे म्हणून ते हवाई बेटांवर पूर्वीच परिचित होते. तथापि एका घटनेतील हा पुरावा सर्व घटनांना लागू करता येत नाही.

विष असलेले कासव आजारी दिसत नाही. त्याच्या मांसाला वास, रंग वा चव यांत फरक नसतो. शिजविल्याने, तळल्याने किंवा खारवून वाळविल्याने विष नाहीसे होत नाही. एकाच गावात, एकाच समुद्रातून आणलेले दहा कासव निर्धोक निघतात आणि अकरावे जीवघेणे ठरते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाला हा आजार चकवितो तो येथेच. ‘आमचे आजोबा खात आले’ हे विधान खरे असते, पण ते ताटात वाढलेल्या मांसाबद्दल काहीच सांगत नाही.

कावळ्याची साक्ष

आपल्या समुद्रांतही ही गोष्ट नवी नाही. कोलंबोच्या दक्षिणेस असलेल्या पाणदुरा येथे ऑक्टोबर १८४० मध्ये कासवाचे मांस खाल्लेल्या २८ जणांना लगोलग त्रास सुरू झाला आणि त्यांतील अठरा जण रात्रीतच मरण पावले. एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेवर लिहिणाऱ्या जेम्स इमर्सन टेनंट या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही हकिगत नोंदविली आहे. ते कासव नेहमीपेक्षा अधिक चरबीयुक्त होते, एवढेच वाचलेल्यांना वेगळे जाणवले होते.

श्रीलंकेच्या किनाऱ्यावर यावर एक लोकपरीक्षाही रूढ होती. कासव कापल्यावर त्याचे यकृत कावळ्यांना टाकावयाचे. कावळ्यांनी ते नाकारले तर मांस टाकून द्यावयाचे. ही परीक्षा कितपत विश्वसनीय, हा भाग वेगळा. ज्या विषाची लक्षणे दिसण्यास तास आणि दिवस लागतात, त्याच्याबद्दल कावळ्याने तुकडा उचलून नेला यावरून काहीच निष्पन्न होत नाही. परंतु अशी परीक्षा अस्तित्वात यावी, यातच मच्छीमार समाजाला या धोक्याची जुनी जाणीव असल्याची साक्ष मिळते.

केरळमधील डॉक्टरांनी कासवाच्या मांसाने झालेल्या विषबाधेचे वर्णन १९६२ मध्येच भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने १९८४ मध्ये समुद्री कासवांवर काढलेल्या विशेष पुस्तिकेत ई. जी. सायलस आणि ए. बॅस्टियन फर्नांडो यांनी या विषयावर स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत या संस्थेने मद्रास येथे कासव संवर्धनावर कार्यशाळा भरविली होती. म्हणजे चार दशकांपूर्वी या धोक्याची माहिती भारतीय शास्त्रज्ञांकडे लेखी स्वरूपात होती. ती किनाऱ्यावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणि मच्छीमारांच्या घरापर्यंत किती पोहोचली, हा खरा प्रश्न आहे.

तमिळ मच्छीमार कासवांच्या जाती नेमक्या ओळखतात. हॉक्सबिलला ते अळुंगामै म्हणतात, हिरव्या कासवाला पेरामै, तर मार्च-एप्रिलच्या पंगुनी महिन्याशी जोडलेले ऑलिव्ह रिडले म्हणजे पंगुनी आमै. या तिन्हींत मोठा फरक आहे. जगभरच्या विषबाधेच्या नोंदींत हॉक्सबिल आणि हिरवे कासव यांची नावे सर्वाधिक येतात, आणि ऑलिव्ह रिडलेचे नाव क्वचितच. चेन्नईच्या वाळूवर अंडी घालावयास येते ते प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले. हिरवे कासव आणि हॉक्सबिल चरतात ते आणखी दक्षिणेस, मन्नारचे आखात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीतील समुद्री गवताच्या कुरणांत व प्रवाळांच्या परिसरात. धोक्याचा नकाशा काढावयाचा झाला तर तमिळनाडूत तो रामनाथपुरम आणि तूतुकुडी जिल्ह्यांत अधिक गडद होईल.

हा तोच प्रदेश आहे जेथे एके काळी कासवांचा खुला बाजार चाले. मन्नारच्या आखातात पकडलेली हिरवी कासवे कुंपणांत जिवंत ठेवली जात आणि मांसासाठी विकली जात. काही माल श्रीलंकेतील जाफनाकडेही जाई. तूतुकुडीत कासवाचे ताजे रक्त मूळव्याधीवर औषध म्हणून प्यायले जात असे. कायद्याने हा बाजार बंद पाडला, पण मांस आणि रक्त यांच्या औषधी गुणांवरील श्रद्धा पूर्णपणे गेली नाही. कासवाच्या मांसासह एखाद्याला अटक झाल्याच्या बातम्या या दोन जिल्ह्यांतून अधूनमधून येतच असतात.

मद्रासची कामगिरी

समुद्री कासवांच्या संरक्षणाचा भारतातील प्रारंभ ज्या शहरांतून झाला त्यांत मद्रासचे स्थान वरचे आहे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात रोम्युलस व्हिटेकर आणि मद्रास सर्पोद्यानातील त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री किनाऱ्यावर चालत जाऊन कासवांची अंडी गोळा करण्यास व ती सुरक्षित जागी उबविण्यास सुरुवात केली. मद्रासच्या आयआयटीतून बाहेर पडलेले सतीश भास्कर यांनी भारताचा बहुतेक किनारा आणि बेटे पायी धुंडाळली. १९८८ पासून विद्यार्थ्यांच्या समुद्री कासव संवर्धन गटाने तीच रात्रफेरी पुढे चालू ठेवली असून शहरातील असंख्य तरुणांना कासव प्रथम दिसले ते या फेरीतच.

याच सर्पोद्यानातून पुढे आलेल्या जे. विजया या तरुण संशोधिकेने १९८० च्या दशकाच्या आरंभी देशभरातील कासवांच्या बाजारांची पाहणी केली. ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर पकडलेली ऑलिव्ह रिडले हजारोंच्या संख्येने कोलकात्याच्या बाजारात जात होती. दिघा येथील कत्तलीची तिची छायाचित्रे राष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, त्यावर देशात आणि परदेशात खळबळ माजली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यापर्यंत हा विषय गेला आणि किनाऱ्यावरील गस्तीसाठी तटरक्षक दलाची मदत घेण्यात आली. १९८७ मध्ये विजयाचे अकाली निधन झाले. केरळच्या जंगलात तिने पुन्हा शोधून काढलेल्या दुर्मीळ कासवाच्या वंशाला आज तिचेच नाव आहे.

या सर्व कामगिरीत भाषा होती ती संवर्धनाची. कासव दुर्मीळ आहे म्हणून त्याला मारू नये, असे सांगण्यात आले. ते खाणे तुमच्या मुलासाठी धोकादायक आहे, हे तितक्या ठामपणे सांगितले गेले नाही. पेम्बाच्या घटनांनंतर झांझिबारच्या प्रशासनाला नेमके हेच गावोगावी जाऊन सांगावे लागले.

कायद्याची सावली

भारतात समुद्री कासवांच्या पाचही जाती १९७७ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच कासवाला. शिकार, मांस बाळगणे, विकणे हे सर्व गुन्हे ठरतात आणि शिक्षा तीन ते सात वर्षे तुरुंगवासाची आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंडही पंचवीस हजार रुपये झाला आहे. या कडकपणामुळे खुला बाजार संपला आणि त्यामुळे विषबाधेची शक्यताही पुष्कळ घटली, हे मान्यच करावयास हवे. पन्नास वर्षांपूर्वीसारखी हिरव्या कासवांची विक्री आज चालली असती तर पाणदुरा वा पेम्बासारखी घटना आपल्याकडेही पुनःपुन्हा घडली असती.

परंतु त्याच कडकपणाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागेल. जो पदार्थ खाणे हा अजामीनपात्र गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो, तो खाल्ल्यावर आजारी पडलेला मनुष्य डॉक्टरांपुढे तोंड उघडेल का? विषबाधेच्या रुग्णाची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून करून पोलिसांना कळविण्याची आपल्याकडील रुग्णालयांची पद्धत आहे. त्यामुळे भीती दुहेरी होते. अशा वेळी ‘मासे खाल्ले होते’ हे उत्तर सर्वांत सोयीचे. डॉक्टर साध्या अन्नविषबाधेचे उपचार देतात, रुग्ण घरी जातो, आणि ज्यांनी तेच मांस खाल्ले पण ज्यांना अद्याप लक्षणे नाहीत अशा शेजाऱ्यांना कोणीच सावध करीत नाही. मांस वाटून खाण्याच्या चालीत ही शांतता फार महाग पडू शकते.

यावर उपाय म्हणून कायदा सैल करावा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र शिकार करणारा आणि विकणारा यांच्यावरील कारवाई आणि ज्याच्या पोटात विष गेले आहे त्याच्यावरील उपचार या दोन गोष्टी रुग्णालयाच्या दारात वेगळ्या ठेवता येणार नाहीत का, याचा विचार वन आणि आरोग्य या दोन्ही खात्यांनी एकत्र बसून करण्याजोगा आहे. सध्या या दोन खात्यांच्या कागदांत हा विषय कोठेच एकत्र येत नाही.

विष समुद्रातून येते तेव्हा

समुद्रातील सूक्ष्म शैवालांच्या विषाचा अनुभव तमिळनाडूने अन्य मार्गाने घेतलेला आहे. १९८१ मध्ये राज्याच्या किनाऱ्यावर शिंपले खाल्ल्याने तीन जणांचा मृत्यू झाला आणि ८५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. १९९७ मध्ये केरळातील विळिंजम येथे सात जण दगावले आणि पाचशेहून अधिक लोक आजारी पडले. येथेही शिंपल्यांचा दोष नव्हता. पाण्यात वाढलेले विषारी शैवाल त्यांच्या शरीरात साठले होते. शिंपले हे कायदेशीर अन्न असल्यामुळे त्यांची तपासणी करता येते, मर्यादा ठरविता येतात, विक्री थांबविता येते. हैदराबादची राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था उपग्रहांच्या साहाय्याने शैवालांच्या वाढीवर लक्ष ठेवते आणि किनाऱ्याच्या पाण्याचा अभ्यास करणारे राष्ट्रीय केंद्र तर चेन्नईतच आहे. कासवाच्या मांसाला मात्र बाजारच नसल्याने त्याची तपासणीही नाही. त्यासाठी ठरलेली सर्वमान्य चाचणी जगात कोठेही उपलब्ध नाही.

राहते ती रुग्णांच्या नोंदीची वाट. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून देशात राबविला जात असून त्यात अन्नविषबाधेच्या साथींची साप्ताहिक नोंद होते. किनारी जिल्ह्यातून अशी नोंद आली, रुग्णांच्या तोंडात व्रण असले आणि त्यांत लहान मुले अधिक असली, तर कासवाच्या मांसाबद्दल विचारणा करणे अवघड नाही. राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था चेन्नईतच आहे आणि साथींचा शोध घेणारे अधिकारी ती वर्षानुवर्षे घडवीत आली आहे. किनारी जिल्ह्यांच्या प्रशिक्षणात या आजाराचे एक पान वाढविण्यास फारसा खर्च येणार नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर येथील किनाऱ्यांवर २००२ पर्यंत कासवांची अंडी सर्रास उचलली जात. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या आणि ग्रामस्थांच्या प्रयत्नांनी ते चित्र पालटले. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह यंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. कोकणात जन्मलेले कासव कोणत्या पाण्यात चरून कोठल्या जाळ्यात सापडेल आणि त्या वेळी त्याच्या शरीरात काय साठलेले असेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी १५ एप्रिलपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. याच सुमारास चेन्नईच्या किनाऱ्यावरील अंडी उबविण्याच्या कुंपणांतून पिल्ले समुद्राकडे सोडली जातात आणि ती पाहण्यास शेकडो कुटुंबे मुलांना घेऊन येतात. वनखात्याचे कर्मचारी आणि स्वयंसेवक तेथे जमलेल्यांना कासवाच्या जीवनक्रमाची माहिती देतात. दक्षिणेकडे रामनाथपुरमच्या मच्छीमार वस्त्यांत मात्र बंदीच्या त्या दोन महिन्यांत घरची मिळकत आटलेली असते, आणि लहान होड्यांच्या जाळ्यात पेरामै सापडण्याचे थांबलेले नसते.